काचेवरच्या पापड्या

मी मीटरमधली चकती बोलतेय. मीटर नव्हे, चकती. मीटर म्हणजे नुसता काळा डबा. त्याच्या काचेआड गोल गोल फिरायचं आणि घराने किती वीज खाल्ली ते वरच्या आकड्यांना सांगायचं, हे काम माझं. जन्मभर फिरले, पण पोचले कुठेच नाही. दमलेय आता. तरी बोलणार, कारण माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता.

कारखान्यात मला पत्र्यातून कापली, कडेला एक काळी खूण केली, एवढंच माझं बारसं. शिकवलं कोणी नाही. जे शिकले ते काशीत, पंचगंगा घाटावरच्या गल्लीत, दत्तात्रेय गुरुजींच्या जिन्यात भिंतीवर लटकून. मराठी घरातून आली, हिंदी गल्लीतून, आणि माणसं कशी असतात ते दोन्हीकडून कळलं.

गुरुजी तीर्थोपाध्याय. साताऱ्या-सोलापूरकडचे यात्रेकरू त्यांच्याकडे उतरत. गंगेत बुडी मारून कुडकुडत वर आले की पहिला प्रश्न, "गरम पाणी आहे ना?" पाप धुवायला गार पाणी चाले, अंग धुवायला नाही. मग गीझर लागायचा आणि मी अशी गरगरायचे की माझी खूण मलाच दिसेना. बत्ती गुल झाली की गल्ली चडफडायची. मी तेवढाच श्वास घ्यायचे.

नव्वदच्या दशकातली निम्मी वर्षं सरली तेव्हा गुरुजींनी गच्चीत उन्हावर पाणी तापवणारं यंत्र बसवलं. तिरकी काचेची पेटी आणि वर टाकी. दिवसभर ऊन प्यायचं, पहाटे कढत पाणी द्यायचं. गीझर थंडावला. दिव्या-पंख्यांपुरती मी रेंगाळत फिरू लागले. म्हटलं, चला, म्हातारपण तरी सुखाचं.

कसलं सुख. वापर निम्म्याच्या खाली गेला तर मीटर बिघडलाय किंवा कोणी बिघडवलाय असं समजायचं आणि जुन्या सरासरीने बिल लावायचं, असा वीजखात्याचा नियम. गुरुजी कचेरीत खेपा घालून थकले. परत आले की वर चढायचं त्राण नसे, जिन्यातच बसत, माझ्यासमोर. त्यांची बायको लतिका तांब्या घेऊन खाली येई.

"काय म्हणाले आज?"

"म्हणाले, सूरज का पानी हमारे नियम में नहीं है. सरासरीचं बिल भरा, नाहीतर शिवरात्रीच्या आधी लाइन कापू."

"मग भरून टाका नं. घरात माणसं उतरायची आहेत."

"भरलं की चोरी कबूल केली. घाटावर बसून मी लोकांना संकल्प सांगतो, लतिका. कोणत्या तोंडाने सांगू?"

मला संताप आला तो इथे. मी काय परदेशात होते? इथेच होते, उघड्या काचेआड. पण मला बघायला एक माणूस आला नाही. खुर्चीत बसून ठरवलं, की म्हातारी खोटं बोलते.

शेवटी हातापाया पडून गुरुजींनी खात्याच्या इंजिनिअरला, जेई साहेबांना, सकाळच्या आंघोळींच्या वेळी घरी बोलावलं. न्हाणीत गरम पाणी वाहतंय आणि मी संथ आहे, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की प्रश्न मिटला, असा त्यांचा बेत.

साहेब आले. माझ्यावर टॉर्च मारला. आणि मी सुसाट पळत होते.

"गुरुजी, ये तो दौड़ रहा है. आप तो कहते थे गीज़र बंद रहता है."

गुरुजींचा चेहरा उतरला. न्हाणीतून एका यात्रेकरूचा आवाज आला, "पाणी गार लागलं म्हणून बटण मीच दाबलं हो."

"गार कसं लागेल?" गुरुजींनी वर पाहिलं. वरच्या पायरीवर लतिका पदराला हात पुसत उभी होती.

"अहो, त्या काचेवर परवापासून साबुदाण्याच्या पापड्या घातल्यात. शिवरात्र तोंडावर आली. गच्चीत तेवढीच जागा नीट तापते, आणि तिरकी म्हणून पापड्या पळवायला आलेली बंदरं घसरतात."

"कशावर घातल्यास?"

"तुमच्या जुन्या धोतरावर."

"म्हणजे सूर्यावर माझं धोतर टाकलंस. नेमकं साहेब यायच्या वेळी."

"तुम्ही साहेब येणार म्हणालात. पापड्या काढ असं कुठे म्हणालात?"

या सगळ्या मराठीतून साहेबांना एक पापड तेवढा कळला. ते गच्चीत गेले, धोतराचं टोक उचलून काचेला हात लावला. कोमट. खाली येऊन गीझर बंद करायला लावला. मी रेंगाळले. चालू करायला लावला. मी पळाले. दोनदा, तीनदा. मग ते हसले.

"माताजी, ये हटाइए."

"अभी नहीं, साहेब. ओली हैं. कल निकालूँगी, परसों आना."

दोन दिवसांनी ते खरंच आले. घर यात्रेकरूंनी भरलेलं, न्हाणीतून वाफ येतेय, आणि मी आपली मुंगीच्या चालीने. साहेब बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. इतकं निरखून मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं. "बिगड़ा हुआ मीटर पापड़ देखकर नहीं दौड़ता," म्हणाले आणि सरासरीचं बिल रद्द केलं. लतिकाने तळलेली पापडी दिली, ती जिन्यातच उभ्याने खाल्ली.

गुरुजींनी त्या दिवशी माझी काच धोतराच्या सोग्याने पुसली.

मी खरी ठरले. पण ज्या मीटरवर एकदा संशय आला तो भिंतीवर ठेवायचा नाही, असा दुसरा नियम निघाला. जेई साहेबांनीच मान खाली घालून तो सांगितला. मला उतरवलं. आता मी खात्याच्या गोदामात ढिगाखाली आहे. इथे ऊनही नाही आणि वीजही नाही.

माझ्या जागी नवी चकती बसली आहे. त्या घरी गेलात तर तिला एवढं सांगा, पापड्या घातल्या की पळ, काढल्या की सावकाश चाल, आणि कोणी खोटी म्हणालं तरी आपली चाल सोडू नकोस. गुरुजींच्या जिन्यात मी जरा मंद झाले तर केवढा गहजब झाला. इथे तर पुरती थांबलेय, आणि कोणी विचारत नाही.