मोजून दिलेलं पाणी

मी मानपाड्याच्या रखमाबाईंच्या मांडणीवरचा स्टीलचा पेला बोलतोय. जन्माची काही मोठी कहाणी नाही. पत्र्याची चकती होतो, साच्यात दाबलं, कड वळवली, घासूनपुसून चकाकी आणली आणि कल्याणच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर नेऊन ठेवलं. तिथून रखमाबाईंनी मला उचललं ते मुलाच्या बारशाला. दुकानदार मोठे पेले दाखवत होता. त्या म्हणाल्या, "बारकाच द्या. लेकराच्या मुठीत मावला पायजे." तेव्हापासून मी उत्तमचा पेला.

घर दोन खोल्यांचं, डोक्यावर सिमेंटचा पत्रा. चैत्र लागला की आतली माणसं भाजून निघायची. पण माझी मात्र त्याच दिवसांत चैन असायची. रखमाबाई संगमेश्वराकडच्या. भाऊ कोकमं पाठवायचा, त्याचं सरबत. कैऱ्या उकडून गूळ-वेलची घातलेलं पन्हं. जिरं-हिंगाचं ताक, नाचणीची आंबील. मला विचाराल तर पन्हं माझं लाडकं. ताक प्यायलं की माणसं मला तसाच ठेवून उठतात आणि मग ते वाळून चिकटतं, म्हणून ताकाशी माझं फारसं जमलं नाही.

रखमाबाईंचा एक नियम होता. दारात कोणी का येईना, मीटर बघणारा असो की वाट चुकलेला, आधी पाणी, सोबत गुळाचा खडा, मग कोण कुठला ही चौकशी. त्या म्हणायच्या, तहानलेल्याला पाणी नाकारलं तर पुढच्या जन्मी चातक व्हावं लागतं. त्यांचा यावर खरंच विश्वास होता. उन्हातून आलेल्या माणसाच्या घशाखाली पाणी उतरताना त्या टक लावून बघत बसायच्या. तेवढ्याने त्यांचं पोट भरायचं.

उत्तम मोठा झाला, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लागला. घराची इमारत झाली, फ्रिज आला, हेमांगी सून होऊन आली. मग माझे वाईट दिवस सुरू झाले. हल्लीच्या माणसांना बाटली तोंडाला लावायची सवय. मी गेलो तांदळाच्या डब्यात, माप म्हणून. काळोखात बरीच वर्षं काढली. रोज दोनदा वर यायचो, तांदूळ ओतायचो, परत आत. तक्रार नाही करत. आज वाटतं, तिथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

मला बाहेर काढलं हेमांगीने. उत्तमच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस चालू झालं. पहिल्या दिवशी नवरा-बायको डॉक्टरांशी बोलून घरी आले, तेव्हा रखमाबाई देवळात गेल्या होत्या. दोघं ओट्याशी बसून डॉक्टरांचं बोलणं आठवत होते आणि मी ऐकत होतो. पाणी अगदी बेताचं, नाहीतर ते छातीत साचतं. केळं, शहाळं, फळांचे रस तर बंदच. त्यातला क्षार रक्तात वाढला की काळीज थांबतं.

रखमाबाई आल्यावर हेमांगीने त्यांना एवढंच सांगितलं, "आई, ह्यांना आता पाणी मोजून द्यायचं. फक्त मी देणार. तुमचा जीव तुटेल, पण हट्ट करू नका." शहाळ्याचं सांगायचं राहून गेलं. त्या घरात शहाळं कधी यायचंच नाही, मग ते तिला सुचावं तरी कसं?

घरातला सगळ्यात लहान पेला म्हणून माझी निवड झाली. लेकराच्या मुठीसाठी घेतलेला मी, आता दाढीची खुंटं वाढलेल्या त्या माणसाच्या ओठांना लागू लागलो. मी अर्धाच भरलेला असायचो. तो घुटका तोंडात घोळवून घोळवून गिळायचा. रिकामा झाल्यावरही मला उलटा धरून जिभेवर थेंब पाडायचा.

"हेमा, घोटभर दे गं अजून."

"अहो, नाही. बर्फाचा खडा देते, चघळा."

"एक घोट. काय होतंय एवढ्याने?"

हेमांगी द्यायची नाही. खडा द्यायची, लिंबाची फोड चाटायला द्यायची, गार पाण्याने चूळ भरायला लावायची आणि तो चोरून गिळत तर नाही ना, हे समोर उभी राहून बघायची. मग आत येऊन मला एकदा विसळलं तरी पुन्हा पुन्हा विसळत राहायची. लोकांना ती कठोर वाटली असेल. मला विसळणारे हात मला माहीत आहेत.

त्या घरातली माणसं पाणी चोरून प्यायला लागली. दाराआड उभं राहून, आवाज न करता. रखमाबाईंनी तर पन्हं करणंच सोडलं. कैऱ्या आणायच्या, हातात धरायच्या आणि शेजारच्या तुळसाबाईंना देऊन टाकायच्या.

मे महिन्यात हेमांगीच्या भाचीचा साखरपुडा होता, टिटवाळ्याला. ती जायला तयार नव्हती. रखमाबाईंनीच तिला लोटलं. "जा गं. किती महिने घराबाहेर पडली नाहीस. मी आहे ना." हेमांगीने संध्याकाळपर्यंतचं पाणी मोजून बाटलीत भरून ठेवलं आणि गेली.

दुपारी उन्हाचा कहर झाला, त्यातच वीज गेली. उत्तमच्या ओठांची सालं निघाली होती. तो काही मागत नव्हता, नुसता बाटलीकडे बघत होता. रखमाबाई त्याच्या पायाशी बसल्या होत्या. एकदम उठल्या, छत्रीही न घेता दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरल्या. परत आल्या तेव्हा पिशवीत दोन शहाळी होती, गाडीवाल्याने तोंड छाटून दिलेली. पदराच्या टोकाने मला पुसून त्यांनी काठोकाठ भरलं. कित्येक महिन्यांनी मी काठोकाठ भरलो होतो.

उत्तमने मला हातात घेतलं आणि तसाच धरून ठेवलं.

"आई, हे नको."

"अरे पाणी कुठाय हे? शहाळं आहे. हेमाच्या बाटलीला मी हात पण लावला नाही, बघ. आजाऱ्याला शहाळं नाय द्यायचं तर काय द्यायचं, बाळा?"

त्याने वर बघितलं. आईचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता, झंपर घामाने भिजला होता. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तो हेमांगीच्या शेजारीच बसला होता, म्हणजे त्याला ठाऊक होतं. ते आईच्या तोंडावर त्याला सांगवलं नाही, का तहानेपुढे त्याचं काही चाललं नाही, हे मी इतका ओठांशी होतो तरी मला कळलं नाही. त्याने मला एका दमात रिकामं केलं. पुढचे पेले हळूहळू, डोळे मिटून घेतले. मग खूप दिवसांनी हसला.

"हेमाला सांगू नकोस. ओरडेल."

संध्याकाळी त्याच्या हातापायातलं बळ गेलं. हेमांगी टिटवाळ्याहून आली ती त्याला घेऊन दवाखान्यातच धावली. काळीज तिथे थांबलं ते सुरू झालंच नाही. नंतर ती भावाला सांगत होती, "डॉक्टरांनी विचारलं, केळं, शहाळं काही दिलंत का? मी म्हटलं, नाही हो, मी मोजून देते सगळं."

बाराव्या दिवशी बायका बसल्या होत्या. हेमांगी आत सगळ्यांसाठी पाणी भरत होती. मी तिच्या हातात होतो. बाहेर तुळसाबाई म्हणाल्या, "काय पण नशीब. पोरगं तहानलेलं गेलं. सुनेने घोटभर जास्त दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तिला बोलू नको गं तुळसा," रखमाबाई म्हणाल्या. "तिने डॉक्टरचं ऐकलं. आणि तहानलेला नाय गेला माझा उत्तम. मी पाजलं ना त्याला, त्या दुपारी. दोन शहाळी. पाण्याचा थेंब दिला नाय, हेमाचा शब्द नाय मोडला मी. हसला माझ्याकडे बघून. तेवढ्यावर मी दिवस काढतेय बाई."

पाणी माझ्यावरून वाहून ओट्यावर सांडलं, तरी हेमांगीने नळ बंद केला नाही. तिला जे कळलं ते तिला आणि मलाच ठाऊक. मला वाटलं, आता ही ओरडेल. तिचा तो हक्क होता.

ती तोंड धुऊन बाहेर गेली, सासूच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "बरं केलंत, आई. माझ्याच्याने ते झालं नसतं."

रखमाबाईंनी तिला कुशीत घेतलं. दोघी रडल्या, पण दोघींचं रडणं एक नव्हतं.

याला आता दोन उन्हाळे झाले. ऊन चढलं की रखमाबाईंना उत्तमच्या फोटोपुढे मला भरून ठेवायचं असतं, शहाळ्याच्या पाण्याने. गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. म्हणून हेमांगी म्हणते, "तुम्ही बसा आई, मी आणते." स्वतः गाडीवर जाते, शहाळं निवडते, माझ्यात ओतते. तो वास तिला सोसत नाही, ती श्वास रोखून धरते, हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. रखमाबाई समाधानाने हात जोडतात.

तुम्ही कधी मानपाड्याला त्या घरी गेलात तर तुम्हाला आधी पाणी मिळेल, गुळाचा खडा मिळेल आणि मग म्हातारी त्या दुपारची गोष्ट सांगायला लागेल. तुमच्यात कोणी डॉक्टर असेल, नर्स असेल, जाणतं माणूस असेल, तर माझं एवढं ऐका. पाणी प्या, मान डोलवा, आणि म्हणा, बरं केलंत हो आजी.