कोणाचं पिल्लू कोणाला

शंभरातून सात गेले तर उरले किती, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कौशल्याबाईंनी आधी शंभर होते कुणाचे ते विचारलं. डॉक्टर हसले. मुलगा भागवत हसला नाही.

कौशल्याबाईंच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी चिमटा लावून बंद केली, त्याला तीन महिने झाले होते. त्याच आठवड्यात युसूफ वडगावच्या बंकटचंही तेच ऑपरेशन झालं होतं. तो बेचाळीसचा, आज तोही तपासणीला आला होता. त्यानं त्र्याण्णव, शहाऐंशी अशी घडाघडा उत्तरं दिली. परवा ट्रॅक्टर चालवल्याचंही सांगितलं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

"त्यो जवान, त्यात गडीमाणूस," भागवत म्हणाला. "आमची आय सदुसष्टची, बाईमाणूस. तिला आता जमायचं न्हाई. रविवारी शेळ्या आसाराम व्यापाऱ्याला देऊन टाकतो."

अठरा शेळ्या. सगळ्या कौशल्याबाईंनीच वाढवलेल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "वयाचं खरं आहे. या वयात शीण लवकर येतो, सावरायला वेळ लागतो. पण बाई म्हणून मागं राहतील, असं मी तरी सांगणार नाही. आजी, शाळेत गेला होतात?"

"शाळंच्या मागं शेळ्या चारल्या."

"मग वजाबाकी विचारली ती माझीच चूक. भागवत, आधी जे काम करायच्या त्यातलं किती येतं, ते घरी बघा. उन्हात मात्र एकट्या पाठवू नका."

नांदूरघाटला पोचेस्तोवर दिवस कलला होता. शेळ्या रानातून परतल्या आणि दिवसभर डालग्यांखाली झाकलेली पिल्लं ओरडू लागली. भागवतनं रोजच्यासारखी सगळी डालगी एकदम उचलली. धट्टीकट्टी पिल्लं दिसेल त्या कासेला झोंबली. बारकी लाथा खात मागं राहिली. तीन महिने कौशल्याबाई हा गोंधळ बाजेवरून नुसता ऐकत होत्या. आज त्या काठी टेकत गोठ्यात आल्या.

"समदी धर अन् परत झाक."

"आय, तू बस बरं."

"बसूनच सांगते."

सून मोहिनीनं बादली पालथी घातली. तिच्यावर बसून कौशल्याबाईंनी काठी रोखली. "आदी ते काळं, मरतुकडं सोड. ते बांडीचं. तिला जुळी झालती. दुसरं तू लंगडीकडं जाऊ देतूस, ती लाथ न्हाई मारायची तर काय?"

एकेक डालगं उचललं गेलं. नऊ पिल्लं आपापल्या आईला लागली. दहावं पांढरं होतं. कौशल्याबाई थांबल्या. शेळीचं नाव ओठावर येईना. भागवत त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांनी पिल्लाच्या पाठीवर हात फिरवला.

"नाव सुचंना. पर आय ती बघ, खुंट्याजवळची."

पिल्लू पळालं, ढुशी मारून प्यायला लागलं, शेपटी भिरभिरायला लागली.

"चांदी, आत्याबाई," मोहिनी हळूच म्हणाली.

"हां, चांदी. नावं तू ध्यानात ठेव, पिल्लं मी ठेवते."

भागवतनं खिशातून फोन काढला. "आसाराम, रविवारी येऊ नको. कावून म्हंजे? मालकीण कामावर आली."

"रानात मातर तूच जायचं," कौशल्याबाई म्हणाल्या. "मला ऊन न्हाई, डाक्टरचा हुकूम हाय. अन् अठरातून आसारामला किती दिल्या?"

"एकबी न्हाई."

"उरल्या किती?"

"अठरा."

"डाक्टरला सांग, आयला वजाबाकी येती."