आईंचा एक्स्ट्रा बेड

"उशांचासुद्धा मेन्यू आहे इथे," वहिनी म्हणाली. "आई, ऐकताय ना? पिसांची, कापसाची, मानेला आधार देणारी, लव्हेंडरच्या वासाची. फोन केला की खोलीत आणून देतात."

आई मटार सोलत होती. "मला काय, डोकं टेकलं की झोप लागते."

"बघ," दादा म्हणाला. "आपल्या आईचं हे असं. कशातही सुख."

दादाला आईचं कौतुक होतं ते एवढ्यासाठीच, की ती काही मागत नसे. हॉलची अर्धी भिंत खाणाऱ्या टीव्हीवर त्यानं हॉटेलांचे फोटो लावले होते. दर फोटोत तीच पांढरी चादर, तोच हंसासारखा दुमडलेला टॉवेल आणि पाण्याच्या कडेला पाठमोरी बसलेली एक बाई, जिला सासू असेल असं वाटत नव्हतं. "यंदा आईंना फाइव्ह स्टार दाखवायचं," हे वहिनीचं ऑफिसात, जिन्यात आणि फोनवर दूरच्या मावसबहिणीलाही सांगून झालं होतं. आईची लेक, दादाची धाकटी बहीण, सहज म्हणून आली होती आणि सोफ्याच्या टोकाला अडकून पडली होती. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, त्यामुळे दरबारात गप्प कसं बसायचं हे तिला ठाऊक होतं.

"ह्याचा टब खिडकीला लागून आहे," वहिनी म्हणाली. "आंघोळ करता करता समुद्र."

आणि समुद्रावरच्यांना आई दिसणार, लेक मनात म्हणाली.

"ह्याची अडचण एकच," दादा म्हणाला. "दोन खोल्यांच्या मध्ये दार नाही. मुलं आईपाशी झोपणार, आणि आपण वर जेवायला गेलो तर?"

"त्यात काय. मुलांच्याच खोलीत आईंचा एक्स्ट्रा बेड टाकू. मुलं झोपली की आपण मोकळे. स्पा पण इथलाच चांगला आहे."

"आई कुठली जातेय स्पाला?"

"आईंसाठी कोण म्हणतंय?"

आईचे हात थांबले. "वेगळी खोली नाही का मिळत?" तिनं विचारलं. "लहानशी. समुद्र नसला तरी चालेल."

दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं, जशी काही टीपॉयनं खुर्ची मागितली होती.

"एकटीला?" दादा म्हणाला. "रात्रीबेरात्री काही झालं म्हणजे?"

"आणि लोक काय म्हणतील," वहिनी हसून म्हणाली. "सासूला नेलं आणि कोपऱ्यात टाकलं."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं पुढची शेंग उचलली.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात आईनं मेट्रन म्हणून अख्खी नोकरी काढली. तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. कुणाला ताप भरला, कुणी रडत आली, तर दार ढकलून थेट आत येता यावं, असा तिथला नियम. दोन मुलांना वाढवणं, नवरा जाणं, त्यानंतरचं सगळं त्या न लागणाऱ्या दारामागे झालं. निवृत्त झाल्यावर "आता आराम कर" म्हणून दादानं तिला घरी आणलं आणि मुलांच्या खोलीत, त्यांच्या दुमजली पलंगाशेजारी, तिची गादी घातली. धाकट्याला अंधाराची भीती, म्हणून दार उघडं. आराम ह्या शब्दाचा दादाचा अर्थ असा होता: पगार नाही आणि रजाही नाही.

आईला वेगळी खोली द्या, हे वाक्य लेकीच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललं की वहिनी म्हणणार, मग ताई, तुम्हीच न्या त्यांना. आणि ते नेणं सहलीपुरतं राहणार नाही, हे तिला कळत होतं.

"दुसऱ्या हॉटेलचा नाश्ता बरा वाटतो," ती म्हणाली. त्या घटकेला स्वतःबद्दलही तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

आई तिला सोडायला खाली फाटकापर्यंत आली.

"मग, पिसांची घेणार की कापसाची?" लेकीनं चिडवलं.

"गप्प बस." आईला हसू आलं. मग ती फाटकाला टेकली. "मला जायचं नाहीये गं."

"का? हॉटेल तर चांगलं आहे."

"हॉटेलला काय धाड भरलीय? ह्यांनी जावं. मुलांना घेऊन जावं. मी राहीन चार दिवस घरात. दार लावून घेईन. एक कप विसळीन. दुपारी तोंडावर पेपर घेऊन पडेन. कुणी आई म्हणायला नको, आजी म्हणायला नको."

"मग सांग ना तसं."

"मी कशी सांगू? एवढं हौसेनं करतायत. तू सांग. पण माझं नाव घेऊ नकोस."

"मग काय, शेजाऱ्यांचं घेऊ?"

"तू शिकलेली आहेस, काढ काहीतरी शोधून."

"बरं, बघते. रविवारी बोलते."

आईनं मान हलवली आणि वर गेली. मुलांच्या दुधाची वेळ झाली होती.

त्याच रात्री झोपेत ती गेली. सकाळी मुलं उठली, तिच्या गादीला वळसा घालून बाहेर आली, आवरून शाळेत गेली. वहिनीनं दारातून डोकावून "झोपू दे आज त्यांना" म्हटलं. असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. मग ती आणि दादाही कामावर गेले. दुपारी भांडी घासायला बाई आली तेव्हा कळलं. पहाटेच गेल्या असणार, डॉक्टर म्हणाले. सगळे बाहेर पडल्यापासून दुपारपर्यंत घरात आईशिवाय कुणी नव्हतं.

मग भेटायला माणसं येऊ लागली. दादा प्रत्येकाला फोनवर हॉटेलची खोली दाखवी. पहिल्यांदा लेकीला वाटलं, दुःखानं माणसाचं भान सुटतं. पण दादाचं भान शाबूत होतं. पहिल्या पाहुण्याला तो म्हणाला, आम्ही आईला नेणार होतो. तिसऱ्याला म्हणाला, हे हॉटेल तिनंच निवडलं होतं. संध्याकाळपर्यंत आईनं समुद्रावर घालायला चपलासुद्धा घेतल्या होत्या. वहिनी शेजारी बसून डोळे टिपत होती आणि मधूनच उशांचं सांगत होती. लोक म्हणत, नशीबवान होत्या, अशी सून कुणाला मिळते. लेक चहाचे कप उचलून आत नेई आणि हवा त्यापेक्षा जास्त वेळ विसळत बसे.

वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई आल्या. त्यांनी फोन हातात घेतला, खोली नीट पाहिली, फोन परत दिला.

"बाईंना समुद्राची हौस होती?" त्यांनी विचारलं. "मला कधी बोलल्या नाहीत. सुट्टीत सगळ्या पोरी घरी गेल्या की खुशीत असायच्या तेवढ्या. रिकाम्या बिल्डिंगभर गाणं गुणगुणत फिरायच्या."

"माणूस बदलतं वयाप्रमाणे," दादा म्हणाला.

 स्वयंपाकीणबाई उठल्या, लेकीच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

दार लागल्यावर वहिनी सरकून लेकीजवळ आली. "ताई, एक सुचतंय. बुकिंग तर त्याच रात्री करून टाकलं होतं. आईंच्या जागी तुम्ही चला. त्यांनाही बरं वाटेल, जिथे असतील तिथे. मुलांच्या खोलीत बेड आहेच, आणि मुलांनाही तुमची सवय होईल."

"खरंच चल," दादा म्हणाला. "आईच्या आठवणीसाठी म्हणून."

त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर ती खोली. लेकीनं भावाकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्याला सगळं कळतं आणि तो कानाडोळा करतो. त्याला काही कळतच नव्हतं; तेवढा मोठेपणाही तिनं त्याला उगाचच दिला होता.

"मी येणार नाही, वहिनी. मुलांना तुम्ही झोपवा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा तो खोलीभर गेला. "आणि दादा, आईलाही यायचं नव्हतं."

"अगं, तिनंच तर हे..."

"तिनं काही निवडलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी जावं आणि घरात आपण एकटं असावं, एवढंच तिला हवं होतं. तुला सांग म्हणून तिनं मला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. आता सांगतेय."