वेढ्यातलं जेवण

"ट्राम बंद आहेत म्हणे आज," बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडत सुभेदार दिगंबर जगदाळे म्हणाले.

तेवढ्यात खिडकीखालून घंटा बडवत ट्राम गेली. सुनेनं, सरोजनं, हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"पाय दुखत असेल तर राहा तुम्ही," कालिंदीबाई म्हणाल्या. "मी सरोजबरोबर जाते. माझ्या नारायणदादाची लढाई दाखवणार, आणि मी काय घरी तांदूळ निवडत बसू?"

म्हणजे झालंच की! ती तिकडे सगळं बघणार आणि हे भवानीपूरच्या खोलीत भिंतीशी बोलत बसणार. सुभेदारांनी मुकाट्यानं नाडी बांधली.

मुलानं गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून मॅटिनीचे पास आणले, तेव्हापासून म्हाताऱ्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. बोलपट होता पहिल्या महायुद्धातला, इराकातल्या कूटच्या वेढ्याचा. दिगंबर आणि नारायण एका गावचे, एका पलटणीतले, त्याच वेढ्यात सापडलेले. परतले ते एकटे दिगंबर. नारायण छातीत गोळी लागून गेला, असं त्यांनी त्याच्या घरी सांगितलं आणि पुढे त्याच्याच बहिणीशी लग्न केलं.

गोळीबिळी काही लागली नव्हती. धान्य संपलं तसे पलटणीत घोडे कापायला लागले. देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेला खंडोबा, दसऱ्याला दारच्या घोड्याला ओवाळायचं, अशा घरची ही पोरं. नारायणानं तोंड फिरवलं आणि झिजून झिजून मेला. दिगंबरनं खाल्लं.

थिएटरात सुभेदार कधी पाणी प्यायला उठत, कधी खोकल्याचं निमित्त काढून. मागचा बंगाली बाबू कावला, खाली बसा म्हणाला.

"आरे, बोशुन ना दादू!"

पडद्यावर चिकटवलेल्या मिशांचे शिपाई चुकीच्या खांद्यावर बंदुका घेऊन चालले होते. सुभेदारांना जरा धीर आला. या शहाण्यांना काय ठाऊक असणार, कप्पाळ! पण मध्यंतरानंतर घोडा कापला गेला, पातेलं चुलीवर चढलं. एका पोरानं थाळी दूर सारली. शेजारचा रडत रडत खात राहिला. रीळ संपायच्या आत थाळी सारणाऱ्याच्या तोंडावर कांबळं ओढलं गेलं.

सुभेदारांनी मान खाली घातली. एरवी पडद्यावर कुणाला ठेच लागली तरी डोळे पुसणाऱ्या कालिंदीबाई आज रडत नव्हत्या.

"दादाला गोळी छातीत लागली होती ना?" त्यांनी हळूच विचारलं.

हो म्हणायचं सोडून सुभेदार वाकून बुटाची नाडी चाचपू लागले. कालिंदीबाई पुन्हा पडद्याकडे बघू लागल्या.

येताना ट्राममध्ये सरोज एकटीच बोलत होती. सुभेदार कालिंदीबाईंकडे चोरून बघत होते. इतक्या वर्षांचा संसार, आणि आता ही आपलं तोंड पाहील की नाही? भांड म्हणावं, चार शिव्या घाल, पण हिचं गप्प बसणं नको. ही गप्प बसली की वाईट.

संध्याकाळी कालिंदीबाईंनी नेहमीसारखं वाढलं. कसेबसे चार घास गिळून सुभेदार ताट घेऊन मोरीकडे निघाले. आपलं ताट ते लग्न झाल्यापासून स्वतःच धूत. गावाकडे बायका नवऱ्याच्या ताटात मागून जेवत. त्यांनी कालिंदीला एकदाही तसं जेवू दिलं नव्हतं. पलटणीची शिस्त, म्हणत. नवऱ्याला बायको पसंत नाही वाटतं, असे जावांचे टोमणे बिचारीनं जन्मभर ऐकले होते.

कालिंदीबाईंनी ताटाची कड धरली.

"द्या इकडे."

"अगं, नको. ते खाल्लेल्या तोंडाचं उष्टं तू..."

"समजलं मला. सोडा."

त्या ताट घेऊन पाटावर बसल्या. उरलेल्या आमटीत भात कालवून त्यांनी घास घेतला. सुभेदार भिंतीला टेकून बघत राहिले.

"दादाला खा म्हणाला होतात?"

"पाया पडलो होतो गं त्याच्या."

"हट्टी मेला! लहानपणापासून तस्साच." आता कुठे त्यांचे डोळे भरून आले. डाव्या हातानं ते पुसून त्या म्हणाल्या, "भात वाढा थोडा. उभे काय राहिलात?"