रक्तचंदनाची बायको

नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या सात पायऱ्यांवर दहा अवतार, आठ लक्ष्म्या, नऊ जणांचं वऱ्हाड, शर्मिष्ठाच्या नवऱ्याने, रघुरामने, लहानपणी हट्टाने घ्यायला लावलेले अकरा क्रिकेटपटू, वाण्याचं दुकान मांडून बसलेले शेट्टी आणि शेटाणी, मान डोलावणारी एक तंजावरी नाचणारीण आणि सगळ्यांच्या वर, कलशाशेजारी, रक्तचंदनाचं जोडपं. एकूण त्रेचाळीस. शर्मिष्ठाने दोनदा मोजलं. गेल्या नवरात्रातही त्रेचाळीसच होत्या.

तरी अम्मा म्हणाल्या, एक बाहुली गेली.

अम्मा म्हणजे शर्मिष्ठाच्या सासूबाई, अलमेलू. घराणं तंजावरचं मराठी, पण आता वेलचेरीत चौथ्या मजल्यावर. रक्तचंदनाचं जोडपं त्यांना लग्नात आईने दिलेलं, आईला तिच्या आईने. नवरा-बायको कधी वेगळे ठेवायचे नाहीत, हा घरचा नेम. या वर्षी शर्मिष्ठाने दोघांना नवं रेशीम नेसवायला घेतलं, जुनं सोडलं, आणि अम्मांनी बायकोला हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग ती पाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही माझी न्हवं."

बायको खरंच वेगळी दिसत होती. नवऱ्यापेक्षा रंग उजळ, उंची कमी, आणि पायाची कोरलेली बोटं नाहीशी. अम्मांचं म्हणणं, चेहराही हा नव्हे. कोणीतरी अस्सल बाहुली काढून बाजारातली ठेवली.

कोणीतरी म्हणजे कोण, हे त्या बोलल्या नाहीत. पण गेल्या वर्षी बाहुल्या गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या शर्मिष्ठाने. आणि अकोल्याहून लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने सहज विचारलं होतं, अशा जुन्या जोडीला कोवलमच्या रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून काय भाव येत असेल. तो प्रश्न कोणी विसरलं नव्हतं. सकाळपासून अम्मा तिला पायऱ्यांजवळ येऊ देत नव्हत्या. दिवासुद्धा नणंदेने, रंजनीने, लावला. विजयादशमीला अस्के, म्हणजे सगळ्याच, बाहुल्या रंजनीच्या घरी जातील, असं अम्मांनी रघुरामला सांगितलं. रघुरामने शर्मिष्ठाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ऑफिसचा फोन आल्यासारखा गॅलरीत गेला.

शर्मिष्ठा दोन मजले उतरून विद्यालक्ष्मीकडे गेली.

विद्यालक्ष्मी संरक्षण कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेली. नोकरीत ती सुटे भाग तपासायची, आता माणसांच्या भानगडी, तेही हौसेने आणि फुकट. फी एकच, वाटीभर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी उसळ. मागे इमारतीच्या टाकीतलं पाणी रोज कमी व्हायचं आणि सगळे पहारेकऱ्यावर उखडले होते. तिने टाकीत खाण्याचा हिरवा रंग ओतला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेतलं हिरवं डबकं सगळ्या कमिटीला नेऊन दाखवलं. त्या दिवसापासून शर्मिष्ठाला ही बाई फार आवडायची. एकदा तिने पहारेकऱ्याबद्दल विचारलं होतं, तो निर्दोष आहे हे तुम्हाला आधीच वाटत होतं का? विद्यालक्ष्मीने उत्तर दिलं होतं, मला काही वाटत नव्हतं, म्हणून तर रंग ओतला.

आज तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "अलमेलूअक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी झालं?"

"जूनमध्ये. दोन्ही डोळे."

"आणि रंजनीची लेक इथंच होती न्हवं, उन्हाळाभर?"

होती. रंजनीचं बाळंतपण माहेरीच झालं होतं. विद्यालक्ष्मीने भिंग पर्समध्ये टाकलं, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पिशवीत घातला आणि लिफ्टकडे निघाली.

वर ती आधी रीतसर पाहुणी झाली. हळदीकुंकू घेतलं, विड्याचं पान घेतलं, सुंडल खाल्लं, खोबरं कमी पडलं म्हणून रंजनीला टोमणा मारला. मग सहज मागितल्यासारखी बायको मागून घेतली आणि खिडकीशी जाऊन तिच्या तळाला भिंग लावलं. शर्मिष्ठा जवळ उभी होती. तळ सपाट नव्हता. एका बाजूला उतरता होता, पायऱ्यांवर वर्षानुवर्षं एकाच बाजूने चढून झिजलेल्या वहाणेसारखा. उतारावरचं लाकूड ताजं, लालभडक. विद्यालक्ष्मीने भिंग तिच्या हातात दिलं आणि स्वतः पाहा म्हणून खुणावलं. ताज्या लाकडावर बारीक ओरखडे होते, सगळे वळणाचे.

शर्मिष्ठाला अकोल्याच्या घरातली सहाण आठवली. सूज आली की आजी रक्तचंदन उगाळायची. ती बोलायला गेली, तेव्हा विद्यालक्ष्मीने डोळ्यांनीच तिला थांबवलं.

"अलमेलूअक्का," ती म्हणाली, "माझा गुडघा सुजलाय. जरा लेप उगाळून द्याल?"

"त्या नकली लाकडाचा?"

"गुडघा माझाच आहे. बाळाला लावा म्हटलं तर नको म्हणा."

रंजनी हसली. अम्मांनाही हसू आवरेना. रंजनीने सहाण आणली. अम्मा पाटावर बसल्या, सहाणेवर पाणी शिंपडलं आणि बायकोला डोक्याकडून मुठीत धरलं. विद्यालक्ष्मी गप्पा मारतच राहिली. यंदाच्या उन्हाळ्यात बाळाला घामोळं फार होतं का? फार, अम्मा म्हणाल्या, पाठभर. मग रोज लेप? रोज सकाळी. आणि मुलीला बायकोचाच लेप लावायचा, नवऱ्याचा मुलाला, आमच्यात तसंच. हे सांगताना त्या हाताकडे बघत नव्हत्या. बाहुली मनगटाच्या सवयीने तिरपी झाली, तळाचा उतार सहाणेवर पालथा पडला आणि कुठेही फट न राहता बसला. हात गोल फिरू लागला. सहाणेवर लाल रेघ उमटली.

अम्मांचा हात थांबला.

त्यांनी बाहुली उचलली, तळ पाहिला, परत सहाणेवर टेकवली, पुन्हा पाहिला. विद्यालक्ष्मीने पाठ फिरवून क्रिकेटपटूंचं निरीक्षण सुरू केलं, जणू अकरावा खेळाडू नीट उभा आहे की नाही हीच आजची तक्रार होती. शर्मिष्ठाच्या नंतर लक्षात आलं, आपल्याला ती सर्वांत मोठी वाटली ती त्या पाठ फिरवण्यात. बाकीचं कोणालाही शिकता आलं असतं.

"उगाळून उगाळून अशी किती झिजेल, असं वाटायचं मला," अम्मा हळूच म्हणाल्या. "तेव्हा दिसतच न्हवतं. रेशीम वर सारायचं, उगाळायचं, धुऊन पेटीत ठेवायचं." मग बाहुलीचं तोंड उजेडाकडे वळवून, "तिचा चेहराही मी आत्ताच पाहिला की. इतकी वर्षं धुक्यातच पाहत आले."

त्यांनी नवं रेशीम उचललं आणि बाहुलीसकट शर्मिष्ठाच्या ओटीत घातलं. "तूच नेसव मा. विजयादशमीला पायरीवर आडवी करून झोपवायचीही तूच. आणि पुढंही तूच."

शर्मिष्ठाने मान खाली घालून निऱ्या करायला घेतल्या. निऱ्या चुकल्या, पुन्हा घातल्या. गॅलरीतून रघुराम आत आला, कोणाचा फोन होता म्हणून रंजनीने विचारलं आणि त्याने सुंडलाची वाटी उचलली.

सगळं मिटलं असं वाटलं, तेव्हा विद्यालक्ष्मीने पिशवीतून वजनकाटा काढला.

"आता कशाला?" रंजनीने विचारलं.

"अक्कानं उगाळलं, एवढं कळलं," ती म्हणाली. "पण लाकूड खरंच रक्तचंदन आहे, नवऱ्याइतकंच, हे अजून कोणी तपासलेलं नाही. उद्या एखादी पाहुणी काही बोलली, तर शर्मिष्ठानं काय, तळाच्या उताराचा कोन दाखवायचा?"

अम्मांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच पाण्याचं भांडं आणून काट्यावर ठेवलं. नवरात्रात देवांना स्नान असतंच, म्हणाल्या, यांनाही होऊ दे.

शर्मिष्ठाने दोघांचं रेशीम पुन्हा सोडलं. दोघांना आधी कोरडं तोललं. मग एकेकाला दोऱ्याने बांधून, तळाला टेकू न देता पाण्यात पूर्ण बुडवलं आणि भांड्याचं वजन किती वाढलं ते वाचलं. वाढलेले ग्रॅम तितकेच मिलिलीटर, हे तिनेच रंजनीला समजावून सांगितलं. दोरा अम्मांनी धरला होता. त्यांचा हात स्थिर होता, आकडाही त्या स्वतः मोठ्याने वाचत होत्या, चष्म्याशिवाय.

नवरा: दोनशे बारा ग्रॅम, एकशे शहाऐंशी मिलिलीटर. घनता १.१४.

बायको: एकशे शहाऐंशी ग्रॅम, एकशे त्रेसष्ट मिलिलीटर. घनता १.१४.