भिंतीकडचा अर्धा

भीमराजने केबलवरची चिंधी उचलली आणि तो जागीच थांबला. भिंतीच्या भगदाडातून तीन-चार लग्नांचा भात अलीकडे ओघळला होता. त्यात कोंबडीची हाडं, पनीरच्या भाजीवर आलेला पांढरा फेस, आणि सगळ्यात वळवळणाऱ्या अळ्या. केबल त्याच्याखाली शिरली होती, ती पुढे शंभरेक पावलं दिसतच नव्हती. तो थुंकला आणि मागे वळला.

मनोरीपलीकडच्या माळावर क्लबची ही धावपट्टी. ग्लायडरला इंजिन नसतं. पट्टीच्या टोकाचं विंच हजार मीटरची पोलादी केबल गुंडाळतं, आणि त्या ओढीने ग्लायडर वर चढतो. म्हणून रोज सकाळी हातात चिंधी धरून अख्खी केबल चालत तपासायची. एखादी तार तुटली असेल तर चिंधी अडकते. केबलचे दोन वाटे होते. खाडीकडचा अर्धा विंच चालवणाऱ्या शिवदासचा, भिंतीकडचा भीमराजचा. पुढे भिंतीपलीकडे लग्नाचं लॉन झालं, उष्टं अलीकडे पडायला लागलं, तरी वाटे बदलले नाहीत. एकदा भीमराजने विषय काढला होता.

"माका ओकारी येता बघ," शिवदास म्हणाला होता. "तुका सवय आसा."

कसली सवय, ते भीमराजने विचारलं नाही. त्याला ते ठाऊक होतं.

तंबूत येऊन त्याने वहीत 'केबल तपासली' यापुढे सही केली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच खोटी.

आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. मुलुंडची अक्षता पहिल्यांदा एकटी उडणार होती. दोन वर्षं दर रविवारी ती पहिल्या बोटीने येत होती, आणि गुरुवारी नोकरीसाठी जर्मनीला चालली होती. आज नाही तर तिचं उडणं राहूनच जाणार होतं. पहिल्यांदा एकट्याने उडणाऱ्याने आधी केबलवाल्याला विचारायचं, ही क्लबची रीत. तो हो म्हणाला की मगच आत बसायचं.

"काका, केबल बघितली?" तिने हसत विचारलं.

ग्लायडर थोडाच वर गेलेला असताना केबल तुटली, तर नवख्या माणसाला सावरायला जागा नसते.

"नाही," भीमराज म्हणाला. "भिंतीकडची राहिली."

"राहिली म्हणजे?" सेक्रेटरी जयवंत खुर्चीतून उठला. भीमराजहून तो वीस वर्षांनी लहान होता. "ही सही कोणाची? तुझीच ना?"

"माझीच. खोटी केली, साहेब. आज माझ्याने तिथं पाय टाकवला नाही."

"अरे यार, अकरा वाजले. जा ना, दहा मिनिटांचं काम आहे. रोज करतोस ना?"

"रोज करतो. आज दुसरं कोणी करा."

त्याने चिंधी पुढे धरली. तंबूत सात-आठ जण होते. कोणी बाटलीचं झाकण फिरवलं, कोणी आभाळाकडे बघून वाऱ्याचं काहीतरी बोललं. शिवदास म्हणाला, "मी विंच गरम करतंय," आणि निघून गेला.

"द्या काका," अक्षता म्हणाली. "मी बघते."

ती चालत भिंतीपर्यंत गेली. तिथे थांबली, आणि गवताआड दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने परत आली.

"एकदम ठीक आहे," तिने चिंधी परत दिली.

"शाब्बास!" जयवंत म्हणाला. "शिका जरा पोरीकडून."

भीमराजने तिच्या पायांकडे बघितलं. पांढऱ्या बुटांना गवताची कुसळं चिकटली होती. बाकी काहीच नव्हतं.

ती आत बसून पट्टे बांधू लागली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"थांबा," तो जयवंतला म्हणाला. "मी एकदा बघून येतो."

"आता परत? म्हातारपण आलं की शंका वाढतात रे तुमच्या."

या वेळी भीमराज उष्ट्यापाशी थांबला नाही. पाय घोट्यापर्यंत आत गेला, तसा खालून कोमट वास उठला. त्याने वाकून घाणीतून केबल वर काढली, पुसली आणि चिंधी सरकवत चालू लागला. दोनदा ओकला. सत्तराव्या पावलावर चिंधी अडकली. त्याने त्या जागी बोट फिरवलं. तीन तारा तुटल्या होत्या. परत येऊन त्याने तसं सांगितलं.

"पण अक्षताने बघितलेली ना?" जयवंतने विचारलं.

काचेआड अक्षता समोर बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"चिंधी ओली झाली असेल तिची," भीमराज म्हणाला. "ओल्या चिंधीला कळत नाही."

तुटका भाग कापून जोड मारण्यात पाऊण तास गेला. मग भीमराजने पिंपाजवळ बसून कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा, साबण लावून. नखांतली घाण काडीने काढली.

अक्षता उडाली. खाडीवरून संथ वळण घेऊन ग्लायडर पट्टीच्या मधोमध टेकला. सगळे धावले. खाली उतरल्यावर जमिनीवरच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, हीसुद्धा रीतच. तिने जयवंतशी हात मिळवला. विंचवरून आलेल्या शिवदासच्या काळ्या, तेलकट हाताशीही. मग ती भीमराजसमोर आली. त्याने हात पुढे केला.

दोन पावलांवर थांबून तिने दोन्ही हात जोडले.

"थँक यू, काका." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"चला, फोटो!" जयवंत ओरडला. "भीमराज, जरा बाजूला हो रे."

भीमराज हलला नाही. त्याने हातही मागे घेतला नाही.