मानाची साडी आणि मरून पॅन्ट

शाळेनं यंदा ड्रेसचा रंग बदलला. निळा जुना झाला म्हणे. माणूस जुना होतो हे मला ठाऊक आहे, आरशात रोज बघते. पण निळा रंग जुना कसा होतो, हे कळायला इंग्रजी शाळेतच जावं लागत असेल. मी दुसरीत शाळा सोडली, कारण बापाच्या मेंढरांना शाळेची वेळ जमत नव्हती. जेवढे दिवस गेले तेवढे दिवस अंगावर जे असेल तोच माझा युनिफॉर्म होता.

माझी नात स्वप्नाली सातवीत आहे. तिच्या शाळेत सोमवारचा ड्रेस वेगळा, बुधवारचा वेगळा आणि शनिवारचा पांढरा. बुधवारी 'हाउस'चा टी-शर्ट घालायचा. मी विचारलं, "हाउस म्हणजे काय गं?"

"घर, आज्जी. माझं पिवळं हाय."

"आपलं घर तर पत्र्याचं हाय."

"शाळेतलं घर गं."

म्हणजे पोरीला शाळेनं एक घर दिलं, आणि त्या घराचा टी-शर्ट आम्ही विकत घ्यायचा. आम्ही घेतला. माझा मुलगा संदेश वालचंदनगरला वर्कशॉपात कामाला जातो. पगार झाला की पहिली फेरी बारामतीला, कारण शाळेचे कपडे तिथल्या एकाच दुकानात मिळतात. शेजारच्या दुकानात तोच रंग, तेच कापड निम्म्या भावात टांगलेलं असतं, पण त्याच्या छातीवर शाळेचा लोगो नाही. लोगो म्हणजे उघडं पुस्तक आणि त्यातून उगवणारा सूर्य. सूर्य आमच्या लासुर्ण्याच्या रानातही उगवतो, पण फुकट उगवतो, म्हणून शाळेला चालत नाही.

मग आलं खो-खो. दिवाळी झाल्यावर तालुक्याच्या स्पर्धा इंदापूरला ठरल्या आणि शाळेच्या संघात स्वप्नालीचं नाव पहिलं लागलं. दोन दिवस पोरगी घरात चाललीच नाही, नुसती पळत होती. तिसऱ्या दिवशी निरोप आला. मरून जर्सी, मरून ट्रॅक पॅन्ट, पांढरे बूट, सगळं किट त्याच दुकानातून घ्यायचं. किट नाही त्याला मैदान नाही.

संदेश जेवताना ताटाकडे बघून म्हणाला, "पुढच्या वर्षी खेळ."

स्वप्नाली भाकरीचे तुकडे करत राहिली. बोलणाऱ्या बाईला कसं आवरायचं ते मला येतं, स्वतःला इतकी वर्षं आवरतेच आहे. गप्प बसणारीची मात्र मला भीती वाटते.

आमच्या समोर शबीना राहते, शिवणकाम करते. मी तिच्यापुढं मरून कापड टाकलं. तिनं जर्सी शिवली, पॅन्ट शिवली, बाजूची पांढरी पट्टीसुद्धा सोडली नाही. बूट स्वप्नालीचे जुनेच, खडू पाण्यात कालवून पांढरे केले. ते घेऊन मी खेळाच्या सरांकडं गेले. सरांनी शिलाई उलटसुलट बघितली.

"शिवलंय चांगलं, आजी. पण लोगो नाही."

"शबीना भरून दील की दोऱ्यानं."

"तो अधिकृत होत नाही. सेक्रेटरी साहेबांचा नियम आहे."

"सर, पळणार कोण हाय? पोरगी का लोगो?"

सर हसले आणि नाही म्हणाले. शिकलेल्या माणसांचं हे एक बरं असतं, नाही म्हणताना हसतात. आमच्यात नाही म्हणणारा निदान तोंड तरी वाईट करतो.

आता हे सेक्रेटरी साहेब म्हणजे सर्जेराव. आणि सर्जेरावांची मुलगी प्रगती दिलेली होती माझ्या भावाच्या मुलाला, ऋतिकला. लग्न स्पर्धेच्या आधीच्या रविवारी, इंदापूरच्या कार्यालयात. मी नवरदेवाची एकुलती आत्या. आमच्यात मुलीकडच्यांनी आत्याबाईला मानाची साडी दिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. आत्या रुसली तर मुलीच्या बापानं स्वतः येऊन तिची समजूत काढायची. बाकीच्या आत्या काठावरून रुसतात, रंगावरून रुसतात. आमच्या एक चुलत आत्या तर पंगतीत जिलेबी आधी शेजारणीला वाढली म्हणून रुसल्या होत्या. मी आजवर एकाही लग्नात रुसले नव्हते. एवढ्या तेवढ्यावर रुसणं मला शोभत नाही.

कार्यालयात माईकवाल्यानं पुकारलं, "नवरदेवाच्या आत्या बानूबाई यांनी मानाचा आहेर स्वीकारण्यासाठी स्टेजवर यावं." मी खुर्चीतच बसून राहिले. त्यानं पुन्हा पुकारलं. शेवटी सर्जेरावांची बायको साडी घेऊन खाली आली. साडी खरंच चांगली होती, मोरपंखी, भरल्या पदराची. मी पदर उलगडला, उलटा केला, सुलटा केला आणि घडी घालून परत दिली.

"रंग आवडला न्हाय का, आत्याबाई?"

"रंग झकास हाय. पदरावर शिक्का न्हाय."

"कसला शिक्का?"

"आमच्या घराण्याचा. मेंढा आन् काठी. आत्याबाईची साडी लासुर्ण्याच्या एकाच दुकानातनं घ्यावी लागती, शिक्क्यासकट. दुसरीकडची आमी धरत न्हाय."

बाईंनी साडी काखेत धरून नवऱ्याला निरोप धाडला. माझा भाऊ तात्याबा फेटा सावरत धावत आला. "आक्का, आपल्यात असला शिक्का कधी हुता?"

"यंदाच काढलाय. आपला जुना मान जुना झाला, तात्याबा."

"आक्का, भटजी घड्याळ बघाय लागलंत."

"बघू दे. त्यांचंबी घड्याळ एकाच दुकानातलं असंल."

मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. तेवढ्यात सर्जेराव आले. कडक इस्त्री, कपाळाला मोठा टिळा, मागं दोन-चार पुढारी. आल्या आल्या हात जोडले. "आत्याबाई, काय चुकलं आमचं?"

"तुमचं काय चुकंल? तुमी शाळा चालवताय. मी आपला घराण्याचा नियम सांगितला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या स्वप्नालीकडं बघितलं. ती करवल्यांच्या घोळक्यात जुना परकर-पोलका घालून उभी होती. सर्जेरावांचे कान लाल झाले. माणूस हुशार, सगळं लगेच उमगलं.

"शिस्त लागावी म्हणून असतं ते. सगळी मुलं एकसारखी दिसावीत."

"आमचंबी तेच हाय. सगळ्या आत्या एकसारख्या दिसाव्यात."

लोक आता उघड हसायला लागले. सर्जेराव माझ्या खुर्चीशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "नातीचं किट उद्या घरपोच करतो. माझ्यातर्फे. विषय संपवा."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. स्वप्नालीला ते ऐकू गेलं होतं. तिचे डोळे एकदम मोठे झाले. हो म्हटलं असतं तर संपलं होतं सगळं, पोरगी मैदानात आणि मी जेवायला. पण मग संघातल्या बाकीच्या पोरींना माहीत असणार होतं, हिची जर्सी सेक्रेटरीनं दिलीय. आणि हिला ते खांबापर्यंत पळताना आठवणार होतं.

"सर्जेराव," मी मोठ्यानंच म्हणाले, "मानाच्या येळंला भीक घालताय व्हय?"

"मग काय करू, तुमीच सांगा." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा गावचा शब्द आला.

"माईक घ्या. सांगा, खेळाचं कापड कुठंबी शिवलं तरी चालंल."

"आक्का, पोरीचं लगीन हाय," तात्याबा रडकुंडीला आला होता.

प्रगती स्टेजवर मुंडावळ्या बांधून उभी होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. मी उठून तिच्याजवळ गेले. "तुझ्याशी माझं काय न्हाय, बाळा. उद्यापासनं घरात कुणी तुला बोललं तर तुझ्या बाजूनं मी भांडणार. आज तुझ्या बापाशी एवढं बोलू दे."

ती हळूच म्हणाली, "बोला, आत्या. बाबा आमालाबी शाळेच्या कपड्याला त्याच दुकानात न्हेत हुते."

सर्जेरावांनी माईक घेतला. आधी घसा साफ केला, मग शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, मग पाहुण्यांचे आभार मानले. मी साडीला हात लावत नाही असं बघून शेवटी म्हणाले, "आणि आमच्या शाळेत खेळाचे कपडे पालकांनी कुठूनही शिवून घेतले तरी चालतील. फक्त रंग एक असावा." टाळ्या पडल्या. मी मोरपंखी साडी खांद्यावर घेतली. अक्षता पडल्या.

हे ऐकून सगळ्यात जास्त चिडली ती आमच्या गल्लीतली कमरजहाँ. तिची फरहीन त्याच संघात, आणि किट तिनं गेल्याच आठवड्यात आणलं होतं. दुकान परत घेत नाही.

"आक्का, हे लगीन आठ दिस आधी काढाय काय झालं हुतं?"

"आता पुढच्या टायमाला तुला इचारून मुहूर्त काढू."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघी मैदानाच्या कडेला शेजारी शेजारी बसलो, ती माझ्याशी न बोलता. समोर एका खेड्यातल्या झेडपीच्या शाळेचा संघ होता. कुणाची पॅन्ट काळी, कुणाची निळी, एकीच्या पायात भावाचे मोजे. आमच्या पोरी मरून, चकचकीत, उभ्या उभ्या पळत होत्या. खांबाशी आल्या की वळायच्या, जशा काही वरातीत निघाल्यात. कडेनं सर ओरडत होते, "सूर मारा, सूर मारा." आणि कडेनंच सगळ्या आया ओरडत होत्या, "पॅन्ट सांभाळ गं." पोरींनी सरांपेक्षा आयांचं ऐकलं. घरी तर आयांकडंच जायचं होतं.

स्वप्नालीला खो मिळाला. ती पळाली आणि खांबाजवळ सरळ आडवी झाली, हात लांब करून, मातीत घसरत. पुढच्या पोरीच्या टाचेला बोट लागलं. पंचानं शिट्टी मारली. उठली तेव्हा शबीनानं शिवलेली पॅन्ट गुडघ्यावर फाटून लोंबत होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग फरहीनची पाळी आली. ती खांबाजवळ पोचली आणि एक क्षण थांबून तिनं कडेला बघितलं. कमरजहाँनं पदर तोंडात धरला होता. फरहीननं सूर मारला, तशी कमरजहाँनं डोळे गच्च मिटून घेतले.

शिट्टी वाजली. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं माझा हात धरला. मला वाटलं, आता विचारेल किती फाटली म्हणून.

"आक्का," ती म्हणाली, "बाद झाली का?"

"झाली," मी म्हणाले.